चोर म्हणा, पण तोंडावर

लग्न होऊन घरात आली त्याच महिन्यात धाकटीने ते भांडण ऐकलं. ती न्हाणीघरात चादर पिळत होती आणि पलीकडच्या खोलीत सासू आणि मोठी जाऊ एकमेकींवर उखडल्या होत्या. मोठीचं एक कानातलं नाहीसं झालं होतं. सासू म्हणाली, नव्या सुनेवर संशय आहे ना, मग जा आणि विचार तिला. त्यावर मोठी म्हणाली, "मी कशाला विचारू? वाईटपणा मीच का घ्यायचा? नजर ठेवा म्हणजे झालं."

धाकटीने ते कानातलं धड पाहिलंसुद्धा नव्हतं. रागाच्या भरात तिने चादर अशी पिळली की ती मधोमध टरकली. बाहेर येऊन ती दोघींसमोर उभी राहिली, आता विचारतील म्हणून. दोघी चादरीबद्दल तेवढं बोलल्या. कानातल्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. तिचं उत्तर मात्र तयार होतं. ते जिभेच्या टोकावर घेऊन तिने त्या घरात उभं आयुष्य काढलं.

गल्लीच्या टोकाला कपडे धुण्याचं दुकान होतं, तिथे तिला काम मिळालं. कपडे यंत्रात टाकण्याआधी खिसे रिकामे करायचे, सापडेल ते पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या नावाने ठेवायचं. कंगवे, किल्ल्या, गोळ्यांची पाकिटं, एकदा तर रुमालात गुंडाळलेली कवळी. अख्खी गल्ली आपले खिसे तिच्या हाती सोपवून निर्धास्त असायची. आणि घरी तिने कपाटाकडे पाऊल टाकलं की मोठीला नेमकं त्याच खोलीत उशा झटकण्याचं काम निघायचं. सासू गेली, दोघींचे नवरे गेले, उशा झटकणं काही थांबलं नाही. घरात आता मोठीचा मुलगा, सून आणि कॉलेज संपवून नोकरीला लागलेली नात. नातीची एक मोठी आजी आणि एक धाकटी आजी.

नातीला एका खेळाचा नाद. रविवारी चार मित्रमैत्रिणी जेवणाच्या टेबलाभोवती बसत. एक जण गोष्ट रचायचा; त्याला दाढी होती, म्हणून धाकटी त्याला दाढीवाला म्हणायची. बाकीचे गोष्टीतली माणसं व्हायचे. कोणी योद्धा, कोणी जादूगार, एक चोर. चोराशिवाय म्हणे खेळ अडतो, कारण कुलपं त्यालाच उघडता येतात. काही करायचं झालं की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि मग त्यावरून भांडायचं. भांडायचंच आहे तर फासा कशाला, हे धाकटीला कळत नसे.

एका रविवारी नवा चोर ठरवायचा होता. चहाचा ट्रे घेऊन धाकटी आली तेव्हा दाढीवाला कुरकुरत होता की दर वेळी तोच चोर, काळा अंगरखा, बुटात सुरी, आईबाप मेलेले. नात म्हणाली, माझा बघा. राजवाड्यातली परटीण. सगळ्यांचे खिसे तिच्या हातात. ती चोर आहे हे सगळ्यांना माहीत, पण तोंडावर कोणी बोलत नाही. नुसती नजर ठेवतात.

ट्रे टेबलावर आदळला. हे तुला कोणी सांगितलं, असं धाकटीने विचारलं. नात आपल्याच नादात होती. मोठी आजीच सांगते की, म्हणाली. मोठी कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत होती. तिने डोळे मिटून घेतले, झोप लागल्यासारखे.

धाकटीने खुर्ची ओढली. "ही परटीण मी खेळणार."

"आजी, ती माझी आहे."

"तुझ्या आधीपासून माझी आहे."

आणि मग तिने त्या पोरांना रडकुंडीला आणलं. गोष्टीत सगळे तळघरात अडकलेले, पाणी चढतंय, बाहेर पडायची किल्ली एका पेटीत, आणि पेटी उघडणार ती परटीण. तर परटीण हाताची घडी घालून उभी. मी दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाही, म्हणाली. चोर म्हणून आणलंत ना मला? मग म्हणा आधी तोंडावर. दाढीवाल्याने समजावलं, नातीने पाया पडण्याचं नाटक केलं. ढिम्म. पुढच्या रविवारी योद्धा बुडाला. योद्धा झालेली मुलगी एरवी दातांची डॉक्टर. ती नातीला म्हणाली, पुढच्या वेळी ही म्हातारी असेल तर मी येणार नाही. हळू बोलायची तसदीही तिने घेतली नाही. धाकटीला ती मुलगी त्या क्षणी आवडली.

पाणी जादूगाराच्या गळ्याला लागलं. असले खेळ रिकामटेकड्यांचे म्हणणारी मोठी एव्हाना खुर्चीच्या काठावर आली होती. तिच्याच्याने राहवेना. पेटी समोर आहे, किल्ली आत आहे, आणि ही बया दगडासारखी.

"उचल ना गं, चोरटे!" मोठी किंचाळली. "माझं कानातलं घेताना नाही लाजलीस, आता काय झालं?"

दाढीवाल्याच्या हातातलं बिस्किट चहात विरघळून गेलं. धाकटी सावकाश वळली. किती वर्षं घोटून ठेवलेलं उत्तर. तिला वाटलं होतं ते फार लांबलचक असेल.

"मी नाही घेतलं, जाऊबाई."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

मग कुठे गेलं ते, असं मोठी पुटपुटली. धाकटी म्हणाली, "कान तुमचा. तुम्ही शोधा." मग टेबलाकडे वळून तिने सांगितलं, हं, म्हणाल्या एकदाच्या, आता उघडते पेटी. फासा टाकला. एक आला. त्याहून वाईट काही येतच नाही म्हणे. पेटी उघडली नाही, सगळेच्या सगळे बुडाले, आणि नात तिच्याशी दोन दिवस बोलली नाही.

गोडीगुलाबी वगैरे काही झाली नाही. मोठीने कधी चुकलं म्हटलं नाही, तिचा संशयही गेला नाही. एवढंच झालं की ती आता उघड बोलू लागली. चोरटे, पाणी दे. चोरटे, खिडकी लाव. आणि धाकटी दर वेळी, न चुकता, मी नाही घेतलं, असं म्हणून पाणी द्यायची. सुनेने एकदा मध्ये पडून पाहिलं, तर दोघींनी मिळून तिलाच गप्प केलं.

पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी मोठीच्या चष्म्याची दांडी निखळली. धाकटीला सकाळपासून धाप लागत होती, पण ते कोणाला सांगायची तिची रीत नव्हती.

"चोरटे, चष्मेवाला दुकान बंद करेल. जाऊन ये."

"मी नाही घेतलं," धाकटी म्हणाली आणि चपला घातल्या.

चष्मेवाल्याचं शटर अर्धं खाली आलं होतं. ती वाकून आत शिरली. त्याने उद्या या म्हटल्यावर तिने स्टूल ओढलं आणि सांगितलं, उद्यापर्यंत घरी बसून मी तिचं ऐकू का? तू ऐकशील? त्याने मुकाट्याने स्क्रू बसवला. तिने दांडी दोनदा हलवून पाहिली, सैल आहे म्हणून पुन्हा घट्ट करून घेतली. येताना जिन्यात दोनदा टेकली. मग घरात येऊन काचा रुमालाने पुसल्या आणि चष्मा मोठीच्या नाकावर चढवला.

"कानामागे टोचतोय," मोठी म्हणाली.

"टोचू दे," धाकटी म्हणाली, आणि रुमाल झटकून दोरीवर टाकायला गेली.