आजीच्या कोंबड्या

भाजीवाल्याला सगळे पाणीमामा म्हणत. दिवसभर हातात पाण्याचा डबा. पालेभाजीवर शिंतोडे मारता मारता गिऱ्हाइकाचा चष्माही धुऊन काढायचे. तरी संध्याकाळपर्यंत चार जुड्या माना टाकायच्याच, टोमॅटो पिचकायचे. दुकान आवरताना ते सगळं एका टोपलीत पडे आणि टोपली न्यायला मागच्या गल्लीतली आजी येई.

"कोंबड्यांना होईल," म्हणायची.

तिची शेवटची कोंबडी केव्हाच मेली होती. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत होतं. मामा मात्र रोज कोंबड्यांची चौकशी करत. कालच्या पालकानं पोटं बिघडली नाहीत ना, विचारत. आजी सांगे, बाकीच्या गुणाच्या आहेत, पण पांढरी मेली नखरेल, भोपळा बघून तोंड फिरवते. दुसऱ्या दिवशी टोपलीत भोपळा नसे.

मग एकदा मामांचा जावई आला, काखेत प्लास्टिकची गुंडाळी घेऊन. तो पॅकिंगच्या कारखान्यात होता. म्हणाला, हे क्रेटमध्ये अंथरा. यात चांदीचे कण आहेत, नॅनो म्हणतात त्यांना. केसाच्या जाडीत हजार बसले तरी जागा उरेल इतके बारीक. भाजीला बुरशी धरू देत नाहीत, सडू देत नाहीत. मामांनी जावयाचं मन राखायचं म्हणून अंथरलं. आणि खरंच, पालक आठवडाभर ताठ, पाणीही मारायला नको. मामी म्हणाली, चला, तुमच्या बाह्या एकदाच्या वाळल्या.

पहिल्याच संध्याकाळी आजी आली तर टोपलीत एक पान नव्हतं. मामांनी क्रेटमधली कोवळी जुडी उचलून पुढे केली. आजी दोन पावलं मागे सरली. चांगली भाजी कुणी कोंबड्यांना घालतं का, म्हणाली आणि रिकाम्या हातानं गेली.

मामांना रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारीच त्यांनी दोन जुड्या उन्हात टाकल्या, चांगले टोमॅटो अंगठ्यानं दाबून दाबून टोपलीत भरले. मामीनं कपाळाला हात लावला.

आजी आली, खूश झाली. एक टोमॅटो उचलून तिनं बोटांत फिरवला. साल चकचकीत, देठ हिरवागार, आणि मधोमध अंगठ्याचा खड्डा. तिनं तो अलगद परत ठेवला.

"मामा, कोंबड्या विकल्या मी," ती म्हणाली. "तुला सांगायचंच राहिलं."

पुन्हा आली नाही.

मामांनी एका क्रेटमधलं प्लास्टिक काढून टाकलंय. त्यातली भाजी मनासारखी सुकते, टोपली भरते आणि सकाळी मामाच ती उकिरड्यावर ओततात. मधे औषधाच्या दुकानात आजी दिसली. गालफडं बसलेली. मामा शेजारी जाऊन उभे राहिले. पांढरीचं कसं चाललंय, अगदी ओठांवर आलं होतं. पण विकलेल्या कोंबडीची चौकशी कशी करणार? त्यांनी आपली खोकल्याची गोळी घेतली आणि दुकानात परत आले.