कोचच्या स्केट्सना नमस्कार

नेपरव्हिलकरांनो, आज गुरुपौर्णिमा म्हणून रिंकवर सानिकाला तिच्या स्केटिंग कोचच्या पाया पडायला लावलं. "आई, एव्हरीवन इज लुकिंग!" म्हणत पोरगी वाकली एकदाची.

कोच रशियन, एकेकाळी तिकडच्या मोठमोठ्या स्पर्धांत उतरलेली. तिला वाटलं, आपली लेस सुटलीये आणि ही बांधतेय. तिने सरळ पाय पुढे केला! मला हसू आवरेना. मग समजावलं, आमच्यात गुरूला असा नमस्कार करतात.

तिने आपल्या स्केट्सकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझ्या अख्ख्या करिअरमध्ये सगळ्यांनी या पायांकडे फक्त चुका शोधायलाच पाहिलं."

आणि हसत दुसराही पाय पुढे केला.

बघणारे तेवढेच होते, पण या वेळी सानिका न सांगता वाकली.