दुसऱ्या सर्व्हिसचा श्वास

आमच्या टेनिस क्लबमधून फोन आला, तेव्हा मला निवृत्त होऊन तीन आठवडे झाले होते आणि घरातली आवरण्यासारखी सगळी कपाटं आवरून झाली होती. ह्यूस्टनच्या एका हॉस्पिटलमध्ये मी जवळजवळ तीस वर्षं भूलतज्ज्ञ होते. पहाटे उठायची सवय अंगातून जात नव्हती. उठायचं, कॉफी करायची आणि शुगर लँडच्या त्या मोठ्या, गारेगार केलेल्या घरात उजाडायची वाट बघत बसायचं.

"आठवडाभर एका खेळाडूला राहायला खोली द्याल का?" क्लबमधल्या बाई विचारत होत्या. तिथे महिलांची एक छोटी व्यावसायिक स्पर्धा होती. टीव्हीवर दिसतात त्या खेळाडू हॉटेलात उतरतात, पण अशा स्पर्धांमधल्या मुली गावातल्या कुटुंबांकडे राहतात, हे मला तेव्हा कळलं. लेक नोकरीसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला गेल्यापासून वरची खोली रिकामीच होती. मी नवऱ्याला न विचारताच हो म्हणून टाकलं.

"कुठली आहे?" त्याने विचारलं.

"रुमेनियाची."

"आणि तिला जेवायला काय घालणार?"

"आपण जेवतो तेच."

ती आली तेव्हा तिच्या खांद्यावर रॅकेटची भलीमोठी बॅग होती आणि कपड्यांची बॅग मात्र शाळेच्या दप्तराएवढी. पंचवीस वर्षांची, उंच, उन्हाने नाकाची सालं निघालेली. हात पुढे केला तेव्हा तिच्या उजव्या मनगटावरचा शस्त्रक्रियेचा व्रण मला चेहऱ्याच्या आधी दिसला. डॉक्टरची खोड, दुसरं काय.

पहिल्याच दिवशी गोंधळ झाला. शेजारची मुलं आम्हाला काका-काकू म्हणतात, तसंच तिनेही म्हणावं असा नवऱ्याने आग्रह धरला. तिने "काका" म्हणायला तोंड उघडलं आणि तिला जे हसू फुटलं ते थांबेचना. दोनदा प्रयत्न केला, दोनदा पाणी प्यायली. शेवटी लाल होत तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, की त्यांच्या भाषेत हा लहान मुलांच्या शी-शूचा शब्द आहे. मी नवऱ्याला सांगितलं, तर सगळ्यात जास्त तोच हसला. "तीस वर्षं झाली, सगळे मला हेच म्हणतायत!" तेव्हापासून तो "अंकल" आणि मी मात्र काकूच.

पात्रता फेरीच्या पहिल्याच सामन्यात ती हरली. परतीचं तिकीट आठवड्यानंतरचं होतं. मला वाटलं खोलीत पडून राहील, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात आली आणि माझ्या भाजीच्या टोपलीतलं मोठं वांगं उचलून म्हणाली, "काकू, तुमच्याकडे खरी आग आहे ना? गॅसवर भाजू?"

मी बघतच राहिले. तिने वांगं थेट बर्नरवर ठेवलं, देठाला धरून फिरवत राहिली, आणि सगळ्या घरात तो वास पसरला. धुराचा अलार्म वाजायला लागला, नवरा स्टुलावर चढून वर्तमानपत्राने वारा घालायला लागला. तिने साल काढली आणि सुरी नको म्हणाली. धातू लागला की वांगं काळं पडतं, असं तिची आजी सांगायची. माझा लाकडी कालथा घेऊन तिने गर चेचला, वर कच्चा कांदा आणि तेल.

"हे आमचं भरीत आहे," मी म्हटलं.

"नाही, हे आमचं आहे," ती ठामपणे म्हणाली.

मी माझ्या वाटणीत हिरवी मिरची, कोथिंबीर घातली. तिने चाखून पाहिलं, डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा घेतलं.

भाकरीशी ते खाताना तिने स्वतःबद्दल सांगितलं. डॅन्यूबकाठच्या एका गावातली ती. वडील जहाजबांधणीच्या कारखान्यात क्रेन चालवायचे, आई शाळेत शिक्षिका. गावात लाल मातीची दोन कोर्टं होती. पंधराव्या वर्षी ती तिच्या देशातल्या मुलींमध्ये सगळ्यात पुढे होती, गावात लोक तिला थांबवून हात मिळवायचे. सतराव्या वर्षी राजधानीतल्या एका प्रशिक्षकाकडे पाठवलं. तो दिवसभर ओरडायचा. मनगट दुखतंय म्हटलं की म्हणायचा, नाटकं करू नकोस. शेवटी शस्त्रक्रियाच करावी लागली. दोन वर्षं खेळ बंद. क्रमवारीतून नाव गेलं आणि गावातली माणसं रस्ता बदलून जायला लागली.

"त्यांना वाईट वाटायचं," ती म्हणाली. "काय बोलावं ते कळत नसेल. पण मला वाटायचं, कुणीतरी नुसतं थांबावं."

आता ती पुन्हा तळापासून सुरुवात करत होती, प्रशिक्षकाशिवाय. त्या आठवड्यात ती रोज क्लबमध्ये सराव करायची, जी मुलगी मोकळी असेल तिच्याबरोबर खेळायची. मी रिकामीच होते, त्यामुळे छत्री घेऊन बाकावर जाऊन बसायचे. मला टेनिसमधलं फार कळत नाही. पण माझं सगळं आयुष्य माणसांची छाती वरखाली होताना बघण्यात गेलंय. तिसऱ्या दिवशी मला ते दिसलं. पहिली सर्व्हिस करताना ती जोरात श्वास सोडायची, लांबूनही ऐकू यायचं. ती चुकली आणि दुसरी करायची वेळ आली, की चेंडू आपटायला लागल्यापासून मारेपर्यंत तिची छाती हलायचीच नाही. ओठ घट्ट मिटलेले. आणि चेंडू जाळ्यात.

रविवारी सकाळी नाश्त्याला मी सांगून टाकलं. "तू दुसऱ्या सर्व्हिसला श्वास धरून ठेवतेस."

तिने चमचा खाली ठेवला. "काकू, माझ्या आयुष्यात प्रत्येकाने मला सांगितलंय मी काय चुकते ते. फक्त या घरात कुणी सांगत नव्हतं."

ती उठून वर गेली. संध्याकाळी लेकीला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, यू कान्ट डायग्नोज युअर गेस्ट!" तिचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी विमानतळावर सोडताना मी माफी मागितली. तिने मला मिठी मारली, पण थोडी घाईत. परतताना गाडीत नवरा म्हणाला, "बोललीस ते खरंच होतं ना? मग झालं." मला मात्र घरी येईपर्यंत चैन नव्हतं.

पाच महिन्यांनी तिचा मेसेज आला. नुसतं एक वाक्य: "पहिल्यापासून धरते, की चेंडू वर टाकताना?"

मी मेसेज नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला आणि मग लिहिलं, "पहिल्यापासून. चेंडू हातात घेतेस तेव्हापासून."

पुढच्या वर्षी ती त्याच स्पर्धेला आली आणि क्लबला न विचारता सरळ आमच्या दारात उभी राहिली. बॅग ठेवायच्या आधी म्हणाली, "दाखवा मला."

ऑपरेशनच्या टेबलावर माणूस आडवा होतो, तेव्हा कितीही धीट असला तरी श्वास अडकवतो. खोल श्वास घ्या म्हटलं की आणखीच आखडतो. म्हणून मी कधी घ्या म्हणत नसे, आधी सोडा म्हणत असे. सगळा सोडला की आतला आपोआप येतो. घरामागच्या हिरवळीवर मी तिला तेच शिकवलं. ती चेंडू आपटायची आणि मी म्हणायचे, "सोड." तिला शब्द आवडला. त्यांच्या भाषेत याला इतका लहान शब्द नाही, म्हणाली. नवरा लिंबाचं सरबत घेऊन यायचा आणि म्हणायचा, "अगं, दम लागेल तिला, सोड आता!" मग ती दोघांनाही हसायची.

लगेच जादू झाली असं नाही. त्या वर्षी ती दुसऱ्या फेरीपर्यंत गेली. त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या क्लबची स्पर्धा तिने जिंकली, आणि करंडक म्हणून मिळालेली काचेची ताटली आमच्या डायनिंग टेबलावर विसरून गेली. विसरून नव्हे, मुद्दामच ठेवून गेली, हे नंतर कळलं. क्रमवारीत ती वर सरकत होती. उन्हाळ्याच्या शेवटी न्यूयॉर्कला जी मोठी स्पर्धा होते, तिच्या पात्रता फेऱ्यांत तिला प्रवेश मिळाला. तिथे तीन सामने जिंकले की मुख्य स्पर्धेत जागा. दोन वर्षं लागोपाठ ती तिसऱ्या सामन्यात हरली. दुसऱ्यांदा हरली तेव्हा तिने फोन केला आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. मीही फोन ठेवला नाही.

तिसऱ्या वर्षी नवरा म्हणाला, "यंदा आपण जाऊ."

आम्ही जवळच न्यू जर्सीत, एडिसनला धाकट्या दिरांकडे उतरलो. जाऊबाईंनी पोळ्या, बटाट्याची भाजी आणि चिवडा बांधून दिला, जणू आम्हीच खेळणार होतो. ट्रेन बदलत तिथे पोहोचलो. पात्रता फेऱ्या मैदानाच्या कडेच्या लहान कोर्टांवर होतात, त्यामुळे आम्हाला अगदी कुंपणाच्या जाळीजवळ जागा मिळाली. ऊन रणरणत होतं. तिच्या समोर एक अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी होती, जिच्या सर्व्हिसचा चेंडू मला दिसायच्या आत मागच्या पडद्यावर आदळायचा.

पहिला सेट गेला. दुसरा तिने घेतला. तिसऱ्यात ती मागे पडली, बरोबरीत आली, पुन्हा मागे पडली. मध्येच स्वतःला "हाइदे!" म्हणून ओरडायची. म्हणजे त्यांच्या भाषेत "चल!" थोड्या वेळाने माझा नवराही ओरडायला लागला, सत्तरीच्या जवळ आलेला इंजिनिअर, डोक्यावर ओला रुमाल: "हाइदे!" आजूबाजूचे लोक त्यालाच रुमेनियन समजले.

शेवटी ती एक गुण हरली असती तर सगळं संपलं असतं. सर्व्हिस तिची होती. पहिली चुकली.

ती चेंडू घेऊन रेषेपाशी आली आणि थांबली. मी तिच्या छातीकडे बघत होते, दुसरीकडे कुठे बघताच येत नव्हतं. तिने मान खाली घातली, खांदे सैल पडले, आणि श्वास सुटलेला मला दिसला. मग तिने मारलं. चेंडू रेषेवर पडून वळला. समोरच्या मुलीचा फटका बाहेर गेला.

त्यानंतर आणखी वीस मिनिटं सामना चालला असेल. जिंकल्यावर तिने रॅकेट फेकली नाही, जमिनीवर लोळलीही नाही. ती नुसती उभी राहिली, आणि मग आमच्या बाजूला येऊन जाळीतून बोटं बाहेर काढली. मी ती धरली. घामाने चिंब होती.

"काकू, आईला फोन करा, माझा बॅगेत आहे," ती म्हणाली. नंबर माझ्याकडे होताच. तिच्या आईला इंग्रजी येत नाही, मला रुमेनियन येत नाही. मी त्यांच्या लेकीचं नाव घेतलं आणि "येस! येस!" म्हणत राहिले. पलीकडून रडण्याचा आवाज आला, मग एका पुरुषाचा, मग दोन्ही एकदम.

मुख्य स्पर्धेत पहिल्याच सामन्यात तिच्या वाट्याला एक नावाजलेली खेळाडू आली. मोठं कोर्ट, हजारो माणसं, आणि तासाभरात सामना संपला. मला वाटलं ती कोसळलेली असेल. जेवायला भेटली तेव्हा म्हणाली, "पहिले चार गेम मी मजेत होते. मग मला आठवलं की मी कुठे आहे." आणि दोन माणसांचं जेवण एकटीने संपवलं.

पहिल्या शंभरात ती कधीच पोहोचली नाही. अगदी उंबऱ्यापर्यंत गेली, मग मनगट पुन्हा दुखायला लागलं. या वेळी तिने दुखतंय असं स्वतःच सांगितलं आणि स्वतःच थांबायचं ठरवलं. गावाकडच्या वर्तमानपत्राने चार ओळी छापल्या. तिने त्याचा फोटो मला पाठवला, खाली लिहिलं, "मी जेवढी खेळले त्यापेक्षा हे छोटं आहे, पण चूक एकही नाही."

आता ती टेक्ससमधल्याच एका विद्यापीठात मुलींच्या संघाला शिकवते. आमच्यापासून दोन तासांवर. मी आठवड्यातून दोन दिवस एका मोफत दवाखान्यात जाते. तेही तिनेच मागे लागून सुरू करायला लावलं. "काकू, तुम्ही रिकाम्या बसलात की लोकांच्या छात्या मोजता," असं म्हणते.

मागच्या शनिवारी आम्ही तिच्या संघाचे सामने बघायला गेलो. तिची एक खेळाडू, पहिल्या वर्षाची मुलगी, जिंकत आलेला सामना हरली आणि कुंपणापाशी टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसली. बाकीच्या मुली लांबून गेल्या. आमची पाहुणी मात्र तिच्या शेजारी जाऊन बसली. काही समजावलं नाही, हातवारे केले नाहीत. पाण्याची बाटली दोघींच्या मध्ये ठेवली आणि समोरच्या कोर्टाकडे बघत राहिली. पाचेक मिनिटांनी त्या मुलीने टॉवेल खाली घेतला आणि काहीतरी विचारलं. तेव्हा कुठे ती बोलायला लागली.

"निघू या का? परतताना ट्रॅफिक लागेल," नवरा म्हणाला.

तिने लांबून आम्हाला उठताना पाहिलं आणि हात वर करून ओरडली, "अंकल, बसा! अजून एक मॅच बाकी आहे."

आम्ही परत बसलो.