दातांचा विमा आणि सुमय्याआपा

विमा एजंट दिसला की आम्ही मेसवाल्या दार लोटून घ्यायचो. या लोकांना नेमकं फोडणीच्या वेळेला माणसाला मरणाची आठवण करून द्यायची असते. "ताई, उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर..." अरे बाबा, आत्ता पोरांचे डबे जायचेत, उद्याचं उद्या बघू. सुमय्याआपा पहिल्यांदा आली तेव्हा तिलाही मी उंबऱ्यावरूनच वाटेला लावणार होते. पण तिनं मरणाचा विषयच काढला नाही. माझ्या खांद्यावरून आत बघत ती म्हणाली, "त्या आत बसल्यात त्यांचा गाल सुजलाय. कुणाला दाखवलं का?"

त्या म्हणजे आमची अक्का, लक्ष्मीबाई, माझी थोरली जाऊ. आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. भूकंपात घर गेलं, थोरले दीर गेले. पुढं लातूरला कोचिंगचा बाजार भरला, गावोगावची पोरं डॉक्टर-इंजिनियर व्हायला इथं येऊन राहिली आणि त्यांच्या पोटापाण्यावर आमच्यासारख्या कितीतरी बायकांची पोटं चालू लागली. आमची मेस चालायची ती अक्काच्या हातच्या चवीवर. आणि त्याच बाईला स्वतः थापलेली भाकरी चावता येत नव्हती. सगळ्यांचं झाल्यावर ती भिंतीकडं तोंड करून बसायची आणि कुस्करलेलं काहीतरी गिळायची. पदर तोंडावर असायचाच.

दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिरड्या पार गेल्यात, उरलेले दात काढा आणि कवळी बसवा. खर्चाचा आकडा ऐकून अक्का रस्त्यातच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. डाळभात कुठं पळून चाललाय?" पण रात्री दाढ धरून ती कण्हायला लागली की माझा जीव तुटायचा.

सुमय्याआपाचं माहेर नांदेडचं, वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. लातूरला सून म्हणून आली, पण बोली नांदेडचीच. "मी विचार करून राहिले," असं म्हणाली की आम्ही तिची नक्कल करायचो, तीही हसायची. त्या दिवशी मात्र ती विचार करूनच गेली. मग पंधरा दिवस विमा कंपन्यांचे उंबरे झिजवले तिनं. परत आली ती हिरमुसलेली. दातांचा विमा एकट्यादुकट्याला कुणी देत नाही. कुटुंबाच्या पॉलिसीत दात धरतात, पण अपघातात पडले तरच.

"मग भूकंपातच पडाया पायजे व्हते माझे," अक्का म्हणाली, आणि पदराआड हसली.

आपा हसली नाही. म्हणाली, "गटाच्या पॉलिसीत मिळतंय अक्का. पण गट जुना लागतो. विम्यासाठी गोळा केलेला चालत नाही."

गट तर आमच्याकडं होता की! भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो तेव्हा गावातल्या बायकांनी मिळून बचत गट काढला होता. त्यातल्या बहुतेक जणी पोरांच्या शिक्षणापायी लातूरला आल्या, मेस घालून बसल्या, पण गट मोडला नाही. आपाला हे सांगितलं तर तिनं माझे दोन्ही हात धरले आणि तिथंच गरकन फिरवलं मला. शेजारचे बघत होते. मला लाजच वाटली.

सगळ्यांचे अर्ज भरून झाले. त्यात एक प्रश्न होता, तंबाखूचं व्यसन आहे का? सगळ्यांनी छाती काढून सांगितलं, नाही. खोटं नव्हतं ते. आमच्यात तंबाखू खाते ती बाई वेगळी, तिच्याबद्दल दबक्या आवाजात बोलतात.

दुसऱ्या दिवशी आपा राहिलेल्या सह्या घ्यायला भल्या सकाळी आली. मोरीपाशी आम्ही चौघीजणी रांगेत बसलो होतो, सगळ्यांचं एक बोट काळं. आपानं डबी उचलून वास घेतला.

"हे काय आहे, उज्वलाताई?"

"मिश्री. दात घासाया."

"कशाची?"

"तंबाखूचीच की. तव्यावर भाजायची अन् कुटायची." सांगता सांगताच माझी जीभ अडखळली. जन्मभर लावली, पण व्यसन म्हणून तिच्याकडं कधी बघितलंच नव्हतं. सासूनं दिली, तिला तिच्या सासूनं दिली.

आपानं सगळे अर्ज पिशवीत घातले आणि म्हणाली, पुन्हा भरायचे. खरं लिहायचं. झालं! मोरीवर रणकंदन माजलं. मीही तिला नको नको ते बोलले. तिचे साहेबसुद्धा म्हणाले म्हणे, "बाई, तुम्हाला कुणी विचारलं होतं का? असं लिहिलं तर कंपनी घ्यायची नाही." वर्षातलं तिचं तेवढं एकच मोठं काम होतं आणि तेच ती स्वतःच्या हातानं बुडवायला निघाली होती.

सगळ्यात जास्त भडकली अक्का. "खऱ्याचं मला सांगू नगंस! भूकंपात घरं वाटताना सायबानं इचारलं, जमीन किती? म्या हाय तेवढी सांगितली. गावली बारकी खोली. ज्यांनी वाढवून सांगितली ते ऐसपैस ऱ्हायलेत. आता पुन्यांदा खरं सांगू व्हय?"

आपा तिच्यासमोर ओल्या फरशीवरच बसली. "अक्का, तुमचं दुःख मला कळतंय. पण आज नाही लिहिलं ना, तर कंपनीवाले हप्ते गोड मानून घेतील. ज्या दिवशी तुम्ही तोंड उघडाल, त्या दिवशी काळे दात बघून म्हणतील, जा घरी. माझं कमिशन तर मिळून जाईल. तुमच्या तोंडात काय पडेल?"

अक्कानं मिश्रीची डबी बंद करून बाजूला सारली. मग म्हणाली, "लिव्ह. न्हानपणापासनं लावते, असंच लिव्ह."

कंपनीनं गट घेतला, पण अटी घालून. मिश्री बंद करायची आणि आधीच बिघडलेल्या दातांना वर्षभर काही मिळणार नाही. अक्काच्या वाट्याला अजून एक वर्ष दुखणं आलं. त्या वर्षात आपा सवड मिळेल तशी यायची, बडीशेपेची पुडी आणायची आणि "आ करा" म्हणून अक्काच्या तोंडात डोकावायची. "पोलीस आली गं," म्हणून अक्का करवादायची. पण मिश्री सुटली. मी दोनदा चोरून लावली, अक्कानं एकदाही नाही.

वर्ष सरल्यावर अक्काच्या कवळीच्या खर्चाचा दावा लावला, तर न कळवता कंपनीचा डॉक्टर मेसमध्ये हजर. आमच्याच भागातल्या आणखी एका गटाचे दावे मिश्री लपवली म्हणून त्यांनी फेटाळले होते, हे आम्हाला कळलं होतं. आपा धावत आली आणि दाराशी उभी राहिली.

डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलं. "मावशी, तंबाखू?"

"मिश्री," अक्का म्हणाली. "न्हानपणापासनं. साल झालं सोडून. लिवलंय की त्यात, वाचा."

त्यानं अर्ज उघडून वाचला. एकदा अक्काकडं बघितलं, एकदा दाराकडं. "असं लिहिलेला पहिलाच अर्ज बघतोय," म्हणाला आणि सही केली.

कवळी बसली, हिरड्या रुळल्या. त्यानंतर एका दुपारी अक्कानं आपाला जेवायला बोलावलं. ज्वारीची कडक भाकरी, ठेचा, वर कच्चा कांदा. पोरांच्या पंगतीशेजारी दोघींची ताटं मांडली आणि आपाच्या ताटासमोर, आमच्या सगळ्यांकडं तोंड करून अक्का बसली. भाकरीचा तुकडा मोडून तिनं तोंडात टाकला. कुडुम असा आवाज झाला. कोचिंगची पोरं जेवता जेवता थांबली.

आपानं घास उचलला होता, तो तसाच हातात राहिला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"रडतीस काय येड्यावानी?" अक्का चावत चावत म्हणाली. "जेव. गार हुतंय."