सुरतेची मूठ

श्रावणातला शनिवार, आमच्या खानदेशी देवीच्या, कानबाईच्या सणाचा आदला दिवस. स्थळ: धुळ्याजवळचं आमचं गाव, घराची ओसरी. हजर: सासरे, म्हणजे नाना, त्यांची बहीण अक्का, जळगावला एम.एस्सी. करणारी माझी लेक, आणि मी. गैरहजर: धाकटा दीर. शेताच्या वाटणीवरून भांडून तो सुरतेला गेला, तेव्हापासून रोटात, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांत, नाना त्याच्या नावाची गव्हाची मूठ घालत नाहीत.

रोटाचे गहू आमच्याकडे माणशी सव्वा मूठ घेतात. रोट घरच्यांनीच खायचा, पौर्णिमेच्या आत संपवायचा. लग्न झालेल्या लेकीलाही द्यायचा नाही.

"माले रोट भेटाव नही, गहू निवडाले मातर मी पायजे," अक्का म्हणाल्या. मग माझ्या लेकीकडे वळून, "नि हाई पोरगी देख! बाहेर इतला ढग, नि लॅपटॉपमा चांदण्या निवडी राहिनी."

ढग खरंच इतके उतरले होते की समोरचा निंब धूसर झाला होता. दुपार की संध्याकाळ, कळेना. लेकीने नानांना आधी आकाशभर विखुरलेले तारे दाखवले, नुसते ठिपके. मग तेच ठिपके जागेऐवजी वेग आणि दिशा बघून मांडले. सूप हलवल्यावर खडे कडेला जमावेत, तसे त्यातले काही एकत्र आले. हे एकाच ढगात जन्मले, ती म्हणाली. पांगले, पण अजून एकाच चालीने जातात.

नानांनी परत पहिलं चित्र काढायला लावलं आणि त्याच गटातल्या, पण पार कडेच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हाऊ इतला दूर शे. याले कसाले धरं?"

"जागा नका देखा नाना, चाल देखा."

नाना बघत राहिले. गव्हाची धूळ लॅपटॉपच्या उजेडात तरंगत होती. क्षणभर मला वाटलं, ओसरीसकट आम्ही सगळेच हळूहळू कुठेतरी निघालो आहोत.

मग नानांनी पोत्यात हात घातला. एक मूठ परातीत टाकली, वर पाव मूठ.

"हाई कोनी?" अक्कांनी विचारलं.

"सुरतवालानी."

"नि खाई कोण?"

नाना माझ्याकडे वळले. "फोन तू कर."

कानबाई रविवारी बसली, सोमवारी विसर्जनाला उठली. पाहुणे गेले, मागून आणलेल्या पराती परत केल्या. दिराच्या वाटणीचं पीठ डब्यात वेगळं ठेवलं आहे. पौर्णिमा जवळ येते आहे. फोन राहिला आहे.