दुबईचं घड्याळ

नव्वदच्या दशकाच्या शेवटी रोह्याच्या बाजारपेठेत, एका दुकानाच्या माडीवर मी कॉम्प्युटर क्लास घ्यायचे. तीन मशीन होत्या. इंटरनेट नव्हतं, पण ब्राउझर होता, आणि आपण लिहिलेलं पान त्यात फोनच्या तारेशिवायही उघडतं, हे मी पेणहून आणलेल्या एका मासिकात वाचलं. त्याच मासिकात घड्याळाचा प्रोग्राम होता, जेमतेम पंधरा ओळींचा. दुपारी क्लास रिकामा असे, तेव्हा मी तो टाइप केला. एक कंस राहिला होता, तो सापडायला तीन दुपारी गेल्या. चौथ्या दुपारी काळ्या पडद्यावर हिरवे आकडे उमटले आणि सेकंद पळू लागले. मी नुसती बघत बसले.

तेवढ्यात भाभी आल्या. त्यांचे मिस्टर दुबईला नोकरीला होते. मुलं शाळेत गेली की त्या टायपिंग शिकायला यायच्या. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, तरी मला मॅडम म्हणत. घड्याळ बघून त्यांनी विचारलं, "हे इथलं झालं. तिथलं दाखवतं का?"

दुबई आपल्या दीड तास मागे. मी तासांतून एक आणि मिनिटांतून तीस वजा करून खाली दुसरं घड्याळ लावलं. तीन वाजेपर्यंत ते छान चाललं. तीन वाजले आणि दुबईत दोन वाजून उणे तीस मिनिटं झाली.

मी वही काढून आकडेमोड करू लागले. काय बिघडलं ते भाभींना सांगितलं.

"मिनिटं वजा कशाला करता, मॅडम? मी दोन तास मागं जाते आन् अर्धा तास पुढं येते. साठ भरली की तास वाढवायचा."

दर शुक्रवारी, मिस्टरांच्या सुट्टीच्या दिवशी, एसटीडी बूथवर त्यांच्या फोनची वाट बघताना त्या हा हिशेब कितीतरी वर्षं मनात करत आल्या होत्या. मी तसंच लिहिलं आणि उणे आकडे गेले. मध्यरात्रीनंतर तासच उणे होऊन ते पुन्हा चुकलं असतं, पण तेव्हा क्लासला कुलूप असे.

मे महिन्यात मिस्टर सुट्टीवर आले, तेव्हा भाभी त्यांना माडीवर घेऊन आल्या. मशीन भाभींनीच चालू केली, पानही त्यांनीच उघडलं. मिस्टर खुर्चीमागे उभे होते. गणित भाभींचं आहे, असं मी सांगितलं. ते भाभींना म्हणाले, "मला पन शिकव गो."

भाभींनी उठून त्यांना खुर्चीवर बसवलं. ती सगळी दुपार ते एका बोटाने स्वतःचं नाव टाइप करत होते आणि भाभी अक्षरं दाखवत होत्या.