तिचं पहिलं उत्तर
ओल्या फळ्याचा वास आला की अमळनेरजवळच्या आमच्या शाळेतली ती दुपार आठवते. देवपूरहून नव्यानेच आलेल्या बाईंनी फळ्यावर गोष्टीचं जाळं काढलं होतं. मधल्या गोलात बकरी आणि भोवतीच्या गोलांत कोण, कुठे, का. मी दाराशी उभी होते. आधी दोन वर्षं मीच शिकवलेली, घडाघडा वाचणारी, पण अर्थ विचारला की मान खाली घालणारी मुलगी उठली आणि ‘का’वर बोट ठेवून म्हणाली, “तिन्हं पिल्लू मांगे राही गयं, म्हणीसन ती थांबनी.” मला बाईंचा हेवा वाटला. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “वाचायला छान शिकवलंय हो तुम्ही हिला.” ते कौतुकही मला टोचलं. आता मीही तसेच गोल काढते, मुलं भरभरून बोलतात. पण त्या मुलीचं पहिलं उत्तर दुसऱ्या बाईंना मिळालं, हे अजून सलतं.